बारा चौकटी आणि एक साकव

पुण्याहून निघाले तेव्हा रत्नागिरी जिल्हा माझ्या पिशवीत तयार होता. दोन पानं, बारा चौकटी, प्रत्येक चौकटीत एक चित्र आणि त्याखाली एक शब्द. हापूस, काजू, फणस, नारळ, होडी, किल्ला, दीपगृह वगैरे. मधोमध आंब्यांनी लगडलेली फांदी, अर्धं पान व्यापणारी. तिसरी-चौथीच्या मुलांना आपल्या राज्यातले जिल्हे, तिथली माणसं आणि त्यांचे शब्द ओळखीचे व्हावेत म्हणून आम्ही तिघं-चौघं मिळून एक पूरक पुस्तिका करत होतो. छत्तीस जिल्हे, प्रत्येकी दोन पानं. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली बाई, म्हणून मजकूर माझ्याकडे. चित्रं आणि मांडणी श्रीधरकडे. बहुतेक जिल्हे टेबलाशी बसूनच उरकले होते. मग कुणाला तरी वाटलं, निदान एका जिल्ह्यातल्या मुलांना त्यांचं पान दाखवून बघावं. रत्नागिरीची निवड फार विचार करून झाली नाही. मला मासे आवडतात.

आंबा घाट उतरेपर्यंत एसटीत शेजारची जागा रिकामी होती. साखरप्याला एक म्हातारी चढली, मांडीवर पिशवी घेऊन बसली आणि बसल्या बसल्या चौकशी सुरू केली.

"कुठं चाललंस गो?"

"रत्नागिरीला."

"देवदर्शनाक?"

"नाही हो. शाळेतल्या मुलांसाठी शब्द गोळा करायला."

तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं. "शब्द काय गोळा करायचे? बोलताव की रोजचे," म्हणाली आणि पालीला उतरून गेली. हातखंब्यापर्यंत चौपदरी रस्त्याच्या कामाची लाल धूळ खिडकीतून येत राहिली. निवृत्त बाईला असं कुणी सहसा बोलत नाही, त्यामुळे मला ते थोडं लागलं.

संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर गेले. सुरूची झाडं, ओली वाळू, दोन कुटुंबं, एक कुत्रं. चपला काढून ठेवल्या आणि पाण्याच्या कडेनं चालत सुटले. परत येईपर्यंत एक चप्पल गेली होती. जाळं आवरणारा एक माणूस हसत म्हणाला, "सुकती (ओहोटी) बघून ठेवलीत आणि भरतीनं नेली. ह्ये असंच होतं." उरलेली चप्पल हातात धरून मी बाजारात गेले आणि रबरी जोड घेतला. खानावळीत तळलेला बांगडा आणि सोलकढी मिळाली. दिवस काही अगदीच वाया गेला नाही.

शाळेचं गाव मालगुंडच्या रस्त्यावरून आत वळल्यावर लागतं. नाव मुद्दाम लिहीत नाही. गाडीरस्ता वरून मोठा वळसा घालून जातो, म्हणून रिक्षावाल्यानं मला खालच्या बाजूला, रस्ता संपतो तिथे सोडलं. "हितून चालत जा, मॅडम. पाच मिन्टं." नेमका तेव्हाच श्रीधरचा फोन आला. हापूसची फांदी आणखी मोठी करू का, असं तो विचारत होता. कर म्हटलं. छपाईला पानं कधी पाठवायची, कव्हर पिवळं की हिरवं, असं बोलत बोलत मी शाळेच्या अंगणात पोचलेसुद्धा. त्या दिवशीची नोंद वहीत अशी आहे: "रिक्षा थांबली. पाच मिनिटं चालले. शाळा."

शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी एका बाईंकडे, तिसरी-चौथी शिंदे सरांकडे. सर मूळचे बार्शीकडचे, नऊ वर्षं इथे. "पहिल्या वर्षी पोरं काय म्हणतात ते मला कळंना अन् मी काय म्हणतो ते पोरांना," ते म्हणाले. "आता घरी गेलो की बायको म्हणते, तुम्ही कोकणातले झालात."

तिसरी-चौथीची मिळून एकोणीस मुलं होती. मी पान फळ्याला लावलं आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले. मुलांनी शांतपणे पाहून घेतलं. ओंकार नावाचा चौथीतला मुलगा म्हणाला, "आंबा मोठा हाय." बाकीच्यांना त्यात भर घालावीशी वाटली नाही. मग पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली, दीपगृहावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्ये कुठं हाय?"

"रत्नागिरीत. तू पाहिलं नाहीस?"

"नाय. मी रत्नागिरीत दोनदाच गेलंय. दवाखान्यात." तिचं नाव प्राची. केस घट्ट बांधलेले, आवाज स्वच्छ.

मुलं मान डोलावत होती, पण ती पाहुण्यांपुढे डोलवायची मान होती. बावीस वर्षं वर्गात उभं राहिल्यावर एवढं कळतं. म्हणून मी पान उतरवलं आणि म्हटलं, "हे मी पुण्यात बसून केलंय. तुम्ही उद्या तुमचे बारा शब्द आणा. इथले, घरातले, कामाचे. पुस्तकात तेच छापू. बारा कुठले ते तुमचं तुम्ही ठरवा, मी मधे पडणार नाही." आता वर्गात खरी गडबड उडाली. एका मुलानं विचारलं, "खरंच छापणार?" मी हो म्हटलं. शिंदे सरांनी माझ्याकडे बघितलं. दुपारच्या खिचडीनंतर मुलांनी डोकी एकत्र केली. मी बाहेर पायरीवर बसून त्यांचा गोंधळ ऐकत राहिले आणि स्वतःवर खूश झाले.

दुसऱ्या दिवशी फळ्याशेजारी मोठा कागद लावलेला होता. सुवाच्य अक्षर, एकही खाडाखोड नाही. डावीकडे वाडीचं नाव, उजवीकडे शब्द. पहिली वरचीवाडी: सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) आणि चिरा (त्यातून कापून काढलेला बांधकामाचा दगड). मग मधलीवाडी: तरवा (लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं) आणि इरलं (पावसात पाठीवरून घ्यायचं पानांचं आच्छादन). मोहल्ल्याचे शब्द तांडेल (होडीवरचा मुख्य माणूस) आणि सांदण (वाफवलेला तांदळाचा गोड पदार्थ). सर्वांत खाली खालचीवाडी: खुबे (खाडीत वेचायचे शिंपले) आणि माझ्या चपलेची सुकती. अशा सहा वाड्या, दोन-दोन शब्द. पुण्यात आम्हाला बारा शब्दांसाठी तीन बैठका लागल्या होत्या.

"भांडण न होता कसं ठरलं?" मी विचारलं.

"मानानं," ओंकार म्हणाला. तो वरच्यावाडीचा.

"म्हणजे?"

"शिमग्यात पालखी घरोघर फिरते ना, तिचा मान ठरलेला हाय. पयली वरचीवाडी, मग मधली. तसंच लिवलं. मग कोण भांडणार?"

"आणि मोहल्ला?"

"पालखी आमच्या नाक्यावर थांबते," सुहाना नावाची मुलगी म्हणाली. "माझे अब्बा नारळ देतात. आमचा मान चौथा."

मला हे फारच आवडलं. मुलांना यादी करायला सांगितली की ती वर्णक्रमानं करतात, नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याच्या कलानं. इथे पिढ्यान्‌पिढ्यांची तयार वाट होती आणि मुलांनी तिच्यावरून बारा शब्द चालवत नेले होते. मी वहीत तसं लिहायलाही लागले. लिहिता लिहिता वर बघितलं तर प्राची हातात चौघडी केलेला कागद धरून बसली होती.

"तू काही आणलंयस?"

ती उठली. कागद उघडला नाही.

"त्यांच्या वाडीत पालखी जात नाय, बाई," ओंकारनं समजावून सांगितलं. त्याच्या आवाजात वाईट काही नव्हतं. पावसात रस्ता बंद असतो हे सांगावं इतक्या सहज तो बोलला.

प्राची त्याच्याकडे न बघता म्हणाली, "जात नाय असं नाय. आमी घेत नाय. आमी बौद्ध हाव."

सगळ्यांना माहीत असलेलीच गोष्ट तिनं सांगितली होती. सहा वाड्यांच्या यादीत सातवी नव्हती, आणि ती मुद्दाम गाळलेली नव्हती. ज्या वाटेनं मुलं गेली त्या वाटेवर ती लागतच नव्हती. मला राग आला. कुणावर यावा ते कळेना, तेव्हा तो स्वतःवर काढला. मीच तर ऐटीत म्हटलं होतं, मी मधे पडणार नाही.

शिंदे सर हळू आवाजात म्हणाले, "इथं कुणी कुणाला वावगं बोलत नाही, मॅडम. खिचडी एकत्र खातात. पण यादी करायला सांगितली की अशी होते. मी काल बोलणार होतो." मग मोठ्यानं म्हणाले, "प्राची, वाच तुझा शब्द."

तिनं घड्या उलगडल्या. "साकव."

"त्याचा अर्थ?" माझ्यातली बाई सवयीनं विचारून गेली.

"पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) पूल. लाकडाचा. पोफळीचे (सुपारीच्या झाडाचे) ओंडके टाकून करतात."

शब्द चांगला होता. पण चौकटी बारा, आणि आता शब्द तेरा. "मग एक काढायला लागंल," ओंकार म्हणाला, "कोणाचा?" कुणीच कुणाचं नाव घेईना. आपापल्या वाडीच्या दोन शब्दांकडे सगळे असे बघत राहिले, जणू कुणी ते उचलून नेणार होतं. सरांनी तोडगा काढला: मान वगैरे राहू दे, शब्दकोशासारखे वर्णक्रमानं लिहू. प्राचीनं बोटांवर मोजलं. "स म्हंजे खालीच," ती म्हणाली. "आणि चौकट कुठं हाय?"

मी म्हटलं, "मग तूच सांग, कसं लिहायचं?"

तिनं मलाच उलट विचारलं, "बाई, तुमी काल शाळेत कशा आलाव?"

"रस्त्यानं. रिक्षेनं."

"रिक्षा आमच्या घराकडं थांबते. मग?"

"मग चालत."

"कशावरनं?"

एकोणीस मुलं माझ्याकडे बघत होती. काल येताना, काल जाताना आणि आज सकाळी, अशी तीनदा मी त्या साकवावरून गेले असणार, कारण रिक्षा थांबते तिथून दुसरी वाट नाही. मला श्रीधरचा फोन आठवला, पिवळं कव्हर आठवलं. पायाखाली काय होतं ते आठवेना. शेवटी खरं तेच सांगितलं. मुलं खदखदून हसली, सर पण हसले. प्राची मात्र हसली नाही. तिला तिचं म्हणणं पुरं करायचं होतं.

"नवीन माणूस गावात येईल तसं लिवा. जे आधी लागंल ते आधी."

ओंकारच्या ताबडतोब लक्षात आलं. "म्हंजे वरचीवाडी शेवटी?" गाव चढणीवर आहे. मानाची पहिली वाडी वाटेवर सगळ्यांत शेवटी येते. त्यानं कागदावर खालून वर बोट फिरवलं. मग म्हणाला, "सड्यावरनं सगळा गाव दिसतो. तो शेवटीच बरा." अगदी मनापासून म्हणाला असं नाही, पण म्हणाला.

त्या दिवशी परतताना मी साकवावर थांबले. जुन्या खांबांवर पोफळीचे ओंडके शेजारी शेजारी ठेवून काथ्यानं आवळलेले, धरायला एका बाजूनं बांबू. खाली हातभर पाणी आणि त्यात लहान मासे. प्राची पुढे चालत होती. "तिसरी पोफळ हलते, पाय बाजूला टाका," तिनं सांगितलं. पलीकडच्या पहिल्याच घरातून तिची आई बाहेर आली आणि मला अंगणात बसवून कोरा चहा आणि तांदळाची गरम भाकरी दिली.

"दर पावसात व्हावून जातो," ती म्हणाली. "दसऱ्याला धम्मचक्र दिन असतो, तवा आमचे मुंबयचे लोक येतात. प्राचीचे पप्पा पन. दोन दिवसांत बांधतात आणि जातात. गणपतीला आमच्याकडं कोण येत नाय, पन दसऱ्याला वाडी भरते."

मी शाळेतलं सगळं सांगितलं. तिला ते आधीच कळलेलं होतं.

"मान नको आमाला, बाय. आजेसासऱ्यांनी धम्म घेतला तवाच ते सोडलं. पन पोरगी रात्री त्यो शब्द चार वेळा लिवत बसलेली. चांगल्या अक्षरात यावा म्हनून." एवढं बोलून ती भाकरी उलटायला आत गेली. चौघडी केलेला तो कागद पुन्हा माझ्या डोळ्यांपुढे आला.

तिसऱ्या दिवशी सगळा वर्ग घेऊन आम्ही रस्ता संपतो तिथून चालायला सुरुवात केली. पुढे प्राची, मागे सर. साकव, मग खालचीवाडी, खाडीचा तुकडा, मोहल्ला, भाताचे मळे, आणि शेवटी सडा. वाटेत जे लागेल त्याचा शब्द मुलं ओरडून सांगत होती आणि मी लिहीत होते. सुहानाच्या आईनं सगळ्यांना सांदण दिलं. सड्यावर वारा होता, गवत पिवळं पडलेलं, लांब समुद्राची पट्टी. तिथे बसून आम्ही पान नव्यानं मांडलं. मधोमध आंब्याची फांदी नाही, एक वाट. वाटेच्या तोंडाशी साकव, पुढे दोन्ही बाजूंना बारा चौकटी. साकवाखाली एक ओळ लिहायची होती. प्राचीनं सांगितली, मी उतरवून घेतली: "हा साकव बौद्धवाडीतले लोक दर दसऱ्याला बांधतात." ओंकारनं वाचून पाहिलं आणि "बरोबर हाय" म्हणाला. निघताना मी साकवाचा एक फोटो घेतला. तीन दिवसांत गावातला तो एकच. बाकी सगळे समुद्राचे होते.

पुण्यात श्रीधरनं पान बघितलं आणि कपाळावर हात मारला. "रत्नागिरीच्या पानावर हापूस नाही? लोक काय म्हणतील?" त्याची समजूत तासाभरात पटली. तो चांगला चित्रकार आहे, वाट काढायला त्याला मजाच येणार होती. अडला तो साकवाच्या ओळीशी. "मुलांच्या पुस्तकात वाडीचं नाव कशाला, ताई? 'गावकरी दर दसऱ्याला बांधतात' असं करू. सुटसुटीत आहे, आणि कुणाला खटकणार नाही."

त्याचा हेतू वाईट नव्हता. खरं सांगायचं तर परतीच्या एसटीत मीही हाच बदल मनात करून पाहिला होता. 'गावकरी' हा शब्द किती सोयीचा आहे. मग मला फळ्याशेजारचा तो सुवाच्य अक्षरातला कागद आठवला. त्याच्यावरही गावच लिहिलेलं होतं, सहा वाड्यांचं. मी म्हटलं, "ती ओळ माझी नाही, श्रीधर. मला त्यात फेरफार करता येणार नाही." त्यानं ओळ होती तशी लावली.

पुस्तिका छापून झाली. पहिला गठ्ठा मी त्या शाळेत पाठवला. आठवड्यानं शिंदे सरांचा फोन आला. मुलांनी पान भिंतीवर लावलं होतं. प्राचीची आई येऊन बघून गेली होती, तिनं मुंबईला फोटोही पाठवला होता. मी विचारलं, "आणि प्राची काय म्हणाली?"

"तिलाच देतो," सर म्हणाले.

मी खुर्ची ओढून बसले. तिनं आभार मानले तर काय बोलायचं याची जुळवाजुळव मनात करत होते.

"बाई," पलीकडून स्वच्छ आवाज आला, "चित्रात चारच पोफळी काढल्याव. आमच्या साकवाला पाच हायत."

मी साकवाचा तो फोटो शोधून बघितला. बांबूच्या मागे एक ओंडका दडलेला होता. साकवावरून मी एकूण सहा वेळा गेले होते.